मोकळे रान कोणाचे? डिस्क गोल्फ, मुंबईचे एस्प्लनेड आणि तळेघरचा माळ

मंचरहून घोडेगाव ओलांडून भीमाशंकरकडे निघालेला रस्ता डिंभे धरणाचे पाणी मागे टाकत चढू लागतो आणि तळेघरला येतो. आंबेगाव तालुक्याचा हा पश्चिम पट्टा महादेव कोळी समाजाचा. उतारावर भातखाचरे, बांधांवर व रानात हिरड्याची झाडे, मध्येच उघड्या कातळाचा सडा आणि पलीकडे भीमाशंकरचे जंगल. गोल्फच्या दृष्टीने ही जमीन म्हणजे अडचणींची रास होय. झाडे तोडावी लागतील, उतार सपाट करावा लागेल, बारमाही पाणी देऊन गवत जोपासावे लागेल. मात्र गोल्फचाच एक गरीब भाऊ असा आहे, की ज्याला नेमकी अशीच जमीन हवी असते. झाड हवे, ओघळ हवा, चढ हवा. त्याचे नाव डिस्क गोल्फ.

आजचा धागा या खेळाच्या इतिहासाचा आहे. त्याहूनही अधिक तो ज्या जमिनीवर खेळला जातो तिच्या इतिहासाचा आहे. त्यात कॅलिफोर्निया येईल, १८८१ सालची मुंबई येईल, आणि अखेरीस पुन्हा तळेघर. हे गाव का, ते शेवटी ध्यानात येईल.

प्रथम खेळ समजून घेऊ. चेंडूऐवजी प्लॅस्टिकची चकती, काठीऐवजी हात, आणि जमिनीतील भोकाऐवजी खांबावर बसवलेली लोखंडी टोपली. टोपलीच्या वर साखळ्या लोंबत असतात. चकती साखळ्यांवर आदळते, तिचा वेग मरतो आणि ती टोपलीत पडते. ठरलेल्या जागेवरून पहिली फेक करायची, चकती जिथे पडेल तिथे चालत जायचे आणि तिथून पुढची फेक करायची. सर्वांत कमी फेकींत जो सगळ्या टोपल्या गाठील तो जिंकला. कोर्सवर बहुधा ९ किंवा १८ टोपल्या असतात. गोल्फच्या पूर्ण मैदानाला शंभर-दीडशे एकर जमीन लागते. डिस्क गोल्फचे साधारण २० ते ४० एकरांत भागते आणि त्या जमिनीवर इतर कोणी चालूच नये अशी अट नसते. हे शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. पुढचा सारा इतिहास त्याच्याभोवती फिरतो.

चकती फेकणे मानवाला नवे नाही. निहंग शिखांचे पोलादी चक्र सर्वांना ठाऊक आहे, आणि डब्याचे झाकण भिरकावून पाहिले नाही असे मूल सापडणे कठीण. हे झाकण या इतिहासात खरोखरच येते. १९२६ साली कॅनडातील सस्कॅचेवान प्रांतातल्या ब्लॅडवर्थ या लहान गावी शाळकरी मुले पत्र्याची गोल झाकणे घेऊन शाळेच्या आवारात वाळूवर आखलेल्या वर्तुळांत फेकत असत. त्यांनी या खेळाला 'टिन लिड गोल्फ' असे नावही दिले होते. मुले मोठी झाली, पांगली, खेळ विसरला गेला. मराठी मुलुखातील कितीतरी खेळांचे असेच झाले; फरक एवढाच की ब्लॅडवर्थची आठवण कोणीतरी नोंदवून ठेवली.

अमेरिकेतील कथा अधिक प्रसिद्ध आहे. कनेक्टिकटमधील ब्रिजपोर्ट येथे १८७१ पासून फ्रिस्बी नावाच्या कुटुंबाची बेकरी होती. तिच्या पायच्या रिकाम्या पत्र्याच्या थाळ्या महाविद्यालयीन मुले एकमेकांकडे भिरकावत. दुसरीकडे, १९३७ साली फ्रेड मॉरिसन हा तरुण व त्याची भावी पत्नी ल्युसिल पॉपकॉर्नच्या डब्याचे झाकण फेकून खेळत होती. पुढे समुद्रकिनाऱ्यावर केकच्या भांड्याशी तोच खेळ चालला असता एकाने ते भांडे विकत मागितले. ५ सेंटना मिळणाऱ्या भांड्याला त्याने २५ सेंट देऊ केले. मॉरिसनच्या डोक्यात धंद्याचा किडा शिरला तो तेव्हा. दुसऱ्या महायुद्धात तो लढाऊ विमानाचा वैमानिक होता. हवेत पंख कसा तरंगतो याचे ज्ञान घेऊन तो परतला आणि १९४८ साली त्याने प्लॅस्टिकची पहिली चकती बाजारात आणली. १९५५ची सुधारित आवृत्ती 'प्लुटो प्लॅटर'. १९५७च्या जानेवारीत तिचे हक्क त्याने व्हॅम-ओ या खेळणी कंपनीला विकले आणि त्याच वर्षी कंपनीने तिला जुन्या बेकरीच्या नावावरून, वर्णलेखन थोडे बदलून, 'फ्रिस्बी' असे नाव दिले.

इथपर्यंतची गोष्ट खेळण्याची आहे. खेळाची गोष्ट एड हेड्रिकपासून सुरू होते. व्हॅम-ओमध्ये काम करणाऱ्या या माणसाने चकतीच्या पाठीवर बारीक वर्तुळाकार कडा दिल्या, त्यामुळे ती हवेत स्थिर राहू लागली. त्याचे पेटंट १९६७चे. डिस्क गोल्फची कल्पना मात्र एकट्या त्याची नव्हे. १९६५च्या उन्हाळ्यात कॅलिफोर्नियात मुलांसाठीच्या एका उपक्रमात जॉर्ज सॅपनफील्ड या तरुणाने चकतीने गोल्फ खेळवला होता. न्यूयॉर्क राज्यातील रॉचेस्टर शहरात १९७०च्या सुमारास काही जण झाडे व खांब लक्ष्य मानून नियमितपणे खेळत होते, आणि १९७४ साली त्यांनी भरवलेल्या स्पर्धेत विजेत्याला चक्क मोटारगाडी बक्षीस होती. शोधाचे श्रेय एका नावावर लिहून मोकळे होण्याची सवय लोकप्रिय इतिहासाला असते. इथे ती सोडलेली बरी.

हेड्रिकने केलेली गोष्ट निराळी आहे. १९७५ साली लॉस एंजेलिस काउंटीच्या ओक ग्रोव्ह पार्कमध्ये त्याने पहिला कायमस्वरूपी कोर्स उभारला. आरंभी टोपल्या नव्हत्या, केवळ खांब रोवलेले होते. चकती खांबाला लागली की चाटून गेली, यावर वाद होत. त्यावर उपाय म्हणून त्याने मुलासह साखळ्यांची टोपली तयार केली. तिचे पेटंट १९७७ साली मिळाले. दरम्यान १९७६ मध्ये त्याने व्यावसायिक खेळाडूंची संघटना स्थापन केली. टोपलीची उंची, साखळ्या, चकतीचे वजन व व्यास यांना नियम लागले. परंतु मैदानाला नियम लागला नाही! कोर्सची लांबी किती, रुंदी किती, झाडे किती, याचे बंधन कोणी घातले नाही. लक्ष्य प्रमाणित करायचे आणि भूमी जशी आहे तशी स्वीकारायची, हा निर्णय आज साधा वाटतो. या खेळाचा जगभर झालेला प्रसार मुख्यतः त्या निर्णयाचा परिणाम आहे, असे मानण्यास जागा आहे.

ओक ग्रोव्हची जागाही पाहण्यासारखी आहे. ती सपाट, देखणी बाग नव्हती. १९२० साली बांधलेल्या डेव्हिल्स गेट नावाच्या धरणामागचा हा ओढ्याकाठचा भाग, जुन्या ओक वृक्षांचा. याच ओढ्याच्या पात्रात १९३६च्या ऑक्टोबरअखेरीस फ्रँक मॅलिना, जॅक पार्सन्स आदी तरुणांनी अग्निबाणाच्या इंजिनाची चाचणी घेतली होती. त्यांच्या उद्योगातून पुढे शेजारीच जेट प्रोपल्शन लॅबोरेटरी उभी राहिली. त्याही आधी तिथे टोंगवा या मूळ रहिवाशांची वस्ती होती, आणि या पार्कला आता 'हाहामोंग्ना' हे त्यांच्याच गावाचे नाव आहे. म्हणजे जगातील पहिला सार्वजनिक डिस्क गोल्फ कोर्स 'रिकाम्या' जागेवर उभा राहिला नाही. वस्ती, धरण, प्रयोगशाळा, सहलीला येणारी कुटुंबे, घोडेस्वार, अशा अनेकांच्या वापराच्या थरांवर आणखी एक थर बसला, इतकेच. प्रवेशाला पैसे नव्हते. ज्याच्याकडे चकती आहे त्याने यावे आणि खेळावे.

आज जगात १५,००० हून अधिक कोर्स आहेत आणि त्यांतील बहुसंख्य विनाशुल्क आहेत. जेमतेम ५५ लाख लोकवस्तीच्या फिनलंडमध्ये त्यांची संख्या हजाराच्या घरात आहे. रानावनातून मुक्तपणे हिंडण्याचा प्रत्येकाचा हक्क त्या देशाच्या परंपरेत फार जुना, हा केवळ योगायोग नसावा.

लोकप्रिय सार्वजनिक कोर्सवर खेळणे म्हणजे मात्र गर्दीत खेळणे. रविवारी सकाळी पहिल्या टोपलीच्या फेकीच्या जागेवर चार-चारचे गट ताटकळत असतात. संकेत ठरलेले आहेत. टोपलीपासून ज्याची चकती सर्वांत दूर, त्याने आधी फेकायचे. मागचा गट वेगाने खेळत असेल तर त्याला वाट द्यायची. पायवाटेवर कोणी चालत असेल, मूल सायकल चालवीत असेल, तर थांबायचे. पादचाऱ्याचा हक्क पहिला. चकती भरकटली तर मोठ्याने ओरडून सावध करायचे. हे शेवटचे फार गंभीर आहे, कारण १७० ग्रॅमची कडक धारेची चकती डोक्याला लागली तर रक्त निघते. खेळाडू चकतीच्या पोटावर आपले नाव व दूरध्वनी क्रमांक लिहून ठेवतात. झुडपात सापडलेली अनोळखी चकती मालकाला कळवून परत करणे ही रीत आहे.

या खेळाची भलामण करणारे एक गोष्ट हळूच बाजूला ठेवतात, म्हणून ती इथे स्पष्ट सांगितली पाहिजे. रोज शेकडो पाय पडल्याने टोपल्यांभोवतीची माती दबते, गवत मरते, पावसात ती माती वाहून जाते. वाटेत येणाऱ्या झाडांच्या खोडांवर चकत्यांचे घाव बसतात, साल सोलवटते. म्हणून जाणती व्यवस्थापने एका टोपलीसाठी दोन-तीन जागा राखतात आणि आलटून पालटून टोपली हलवतात. खोडांना संरक्षक वेष्टन बांधतात. फुकट खेळाचा खर्च कोणीतरी भरतच असतो. पुष्कळदा ते झाड असते.

आता मुंबईकडे वळू. सार्वजनिक मोकळ्या जागेवर कोणी खेळायचे, हा प्रश्न महाराष्ट्रात कॅलिफोर्नियाच्या शंभर वर्षे आधीच उभा राहिला होता.

मुंबईच्या किल्ल्याच्या तटाबाहेर एक विस्तीर्ण पट्टा मोकळा ठेवलेला होता. हेतू लष्करी: शत्रू चालून आला तर तोफांच्या माऱ्यात कोणतीही इमारत आडवी येऊ नये. हेच एस्प्लनेड. आजची आझाद मैदान, क्रॉस मैदान, ओव्हल व कूपरेज ही त्याचीच शकले. तोफांसाठी राखलेल्या या जागेवर प्रत्यक्षात शहर श्वास घेत असे. इथे कवायत चाले, लोक हवा खायला येत. मुंबईत गोल्फ क्लब स्थापन झाला तो १८४२ साली (कलकत्त्याचा १८२९चा, ब्रिटिश बेटांबाहेरचा तो सर्वांत जुना क्लब मानला जातो). आणि याच मोकळ्या जागेवर पारशी मुलांनी गोऱ्या शिपायांचे पाहून क्रिकेट उचलले. त्यांचा ओरिएंटल क्रिकेट क्लब १८४८चा, हिंदूंचा बॉम्बे युनियन १८६६चा. १८६०च्या दशकात तट पाडले गेले, शहर पसरले, आणि मोकळी जमीन एकाएकी मौल्यवान झाली.

१८७५ साली युरोपियनांचा बॉम्बे जिमखाना स्थापन झाला. परेड ग्राउंडचा उत्तम कोपरा कुंपण घालून त्याला मिळाला. तिथे एतद्देशीयांना सभासदत्व नव्हते. परंतु वादाचे मूळ कुंपणाच्या आत नव्हते, बाहेर होते. जिमखान्याचे सभासद कुंपणाबाहेरील मैदानावर, म्हणजे जिथे पारशी, हिंदू व मुसलमान मुले क्रिकेट खेळत तिथे, घोडे घालून पोलो खेळू लागले. घोड्यांच्या टापांनी जमीन खणली जाई. खळग्यांच्या खेळपट्टीवर टप्पा पडलेला चेंडू कुठे उसळेल याचा भरवसा उरला नाही. पोलो खेळणारे मूठभर, क्रिकेट खेळणारे शेकडो. आणि मूठभरांसाठी बाजूलाच राखीव मैदान तयार होते. तेथील हिरवळ खराब होऊ नये म्हणून ते घोडे बाहेर आणीत.

क्रिकेटपटूंनी अर्ज केले. त्यांचा मुख्य पुढारी शापूरजी सोराबजी. १८८१ साली साडेचारशेहून अधिक सह्यांचा अर्ज सरकारदरबारी गेला. त्यांच्या म्हणण्याचा गाभा असा होता, की मैदान सर्वांचे आहे हे मान्य. मग एका वर्गाच्या करमणुकीने दुसऱ्या वर्गाची करमणूक अशक्य व्हावी, हे कोणत्या न्यायाने? १८८२ साली गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांच्या सरकारने पोलो कूपरेजकडे हलवण्यास सांगितले. क्रिकेटपटू हरखले. जिमखान्याने आपले वजन वापरले आणि १८८३ साली निर्णय फिरला. घोडे परत आले. शापूरजींनी पुढे १८९७ साली या झगड्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि शीर्षकातच युरोपियनांचा पोलो विरुद्ध एतद्देशीयांचे क्रिकेट असा सामना मांडला. राष्ट्रीय सभेची स्थापना १८८५ची. त्याआधीच मुंबईची तरुण मुले एका खेळपट्टीच्या निमित्ताने सरकारला समान वागणुकीचा प्रश्न विचारत होती, ही गोष्ट शालेय इतिहासात यायला हवी होती.

या झगड्याचा शेवट मात्र विचित्र झाला. सरकारने मैदान सर्वांना समान केले नाही. त्याऐवजी बॅक बेच्या भरावावर, आजच्या मरीन लाइन्सच्या बाजूला, एकेका समाजाला वेगळा तुकडा दिला. पारशी जिमखाना (स्थापना १८८५), मग इस्लाम जिमखाना, मग १८९४ साली हिंदू जिमखाना. तक्रार होती सार्वजनिक जमिनीची, उत्तर मिळाले खासगी कुंपणांचे, आणि तेही जातधर्मवार. मुंबईच्या प्रसिद्ध तिरंगी, चौरंगी, पंचरंगी सामन्यांचा पाया तो हा. कुंपणाच्या आतही पुन्हा कुंपणे होतीच. पुण्यात युरोपियनांच्या क्लबात खेळपट्टीची निगा राखणारे आणि साहेबांना सरावासाठी तासन्‌तास गोलंदाजी करणारे पाळवणकर बाळू चर्मकार समाजातील होते. हिंदू संघाला सामने जिंकून देणाऱ्या या गोलंदाजाला चहाच्या वेळी मंडपाबाहेर वेगळ्या मातीच्या भांड्यात चहा दिला जाई, आणि हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना कधीच मिळाले नाही. ते त्यांचे बंधू विठ्ठल यांना १९२३ साली मिळाले.

आझाद मैदानात आज एका बाजूला बॉम्बे जिमखान्याचे कुंपण आहे. त्याच्या आत १९३३च्या डिसेंबरात भारतभूमीवरील पहिला कसोटी सामना झाला. दुसऱ्या बाजूला उघडे मैदान आहे, जिथे एका सामन्याचा सीमारक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचाशेजारी उभा असतो. त्या गर्दीत १९८८च्या फेब्रुवारीत सचिन तेंडुलकर व विनोद कांबळी या शाळकरी मुलांनी ६६४ धावांची भागी केली. कुंपणाच्या कोणत्या बाजूने अधिक क्रिकेट घडवले, याचा हिशेब वाचकांनी करावा.

ग्रामीण महाराष्ट्रात डिस्क गोल्फशी सर्वांत जवळचे नाते असलेला खेळ क्रिकेट नव्हे, विटीदांडू आहे. जमिनीतील लहानशा खोबणीवर विटी ठेवून ती कोलायची, हवेत टोलवायची, आणि ती जिथे पडली तिथपर्यंतचे अंतर दांड्याने मोजायचे: वकट, लेंड, मूंड, नाल... तेलुगू-कानडी अंकांशी या शब्दांचे नाते उघड आहे. या खेळाने भाषांच्या सीमा केव्हाच ओलांडल्या होत्या. आखलेले मैदान नाही. माळ, खळे, नदीचे कोरडे पात्र, जे असेल ते चालते. डिस्क गोल्फप्रमाणेच इथेही भूमी ही खेळातील भिडू आहे.

मग विटीदांडू मागे का पडला? विसाव्या शतकाच्या आरंभी पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने (स्थापना १९०६) देशी खेळांना नियमबद्ध करण्याचे काम हाती घेतले. खो-खो, हुतूतू यांचे नियम बांधले गेले, स्पर्धा भरू लागल्या. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाने १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी आपली प्रात्यक्षिके तिथे नेली. हे कार्य मोठे आहे. पण त्याची दिशा अशी होती, की खेळाला प्रतिष्ठा द्यायची तर आधी मैदानाचे माप ठरवायचे. कबड्डीचे अंगण १३ मीटर बाय १० मीटर, खो-खोचे २७ बाय १६. जे खेळ चुन्याच्या रेघांत बसले ते शाळेच्या पटांगणात शिरले व टिकले. विटीदांडू रेघांत बसेना. त्याला मोकळा माळ हवा होता, आणि माळ दरवर्षी आकसत होता. हेड्रिकने टोपली प्रमाणित करून जमीन मोकळी सोडली. आपल्याकडे जमीन प्रमाणित झाली आणि जे त्यात मावले नाही ते गळून पडले. ही तुलना थोडी अन्यायाची आहे, कारण कॅलिफोर्नियाच्या काउंटीकडे द्यायला पार्क होते. तरी ती टाळता येत नाही.

आता तळेघर. अशा डोंगराळ गावातील मुलांना खेळायला जागा कोणती? जमीन पाहिली तर भरपूर. तिचे कागद पाहिले तर तीन प्रकार हाती येतात. एक मालकीची शेती, म्हणजे भातखाचरे; ती पीक निघेपर्यंत बंद. दुसरी गायरान व गावठाणाची जमीन. सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली जगपाल सिंग खटल्यात गावाच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे हटवण्याचे आदेश दिले आणि त्याच वर्षी महाराष्ट्र शासनाने गायरान इतर कामांसाठी देण्यावर कडक मर्यादा घातल्या. हे गावाच्या हिताचेच होते. तिसरी वनजमीन. भीमाशंकर अभयारण्य १९८५ साली घोषित झाले. त्याचे क्षेत्र सुमारे १३० चौरस किलोमीटर. शेकरूचे हे घर. त्याच्या आसपासच्या पट्ट्यात गाव कुठे संपते आणि वन कुठे सुरू होते, हे नुसत्या डोळ्यांना कळत नाही.

हे रान मोकळे दिसते, रिकामे नाही. हिरड्याचे झाड इथल्या घरांच्या वर्षाच्या हिशेबात असते. उन्हाळ्यात बाळहिरडा गोळा करून, वाळवून विकला जातो आणि त्यातून हाती रोकड येते. देवराईत कुऱ्हाड चालत नाही, कारण ती देवाची. आहुप्याची देवराई तर दूरवर ख्यात आहे. उद्या कोणी उत्साही मंडळी साखळ्यांच्या टोपल्या घेऊन इथे आली तर ओक ग्रोव्हचा धडा आणि एस्प्लनेडचा धडा दोन्ही लागू पडतील. हिरड्याच्या खोडावर चकत्यांचे घाव म्हणजे एखाद्या घराच्या उत्पन्नावरचे घाव. आणि शहरातून आलेल्या पाहुण्यांच्या खेळासाठी गुरांची वाट अडली, तर पोलोचे घोडे पुन्हा आले असेच म्हणावे लागेल. भात निघाल्यापासून हिरड्याचा हंगाम सुरू होईपर्यंतचे थंडीचे महिने, टोपल्या रोवलेल्या नव्हे तर उचलून ठेवता येण्याजोग्या, आणि जागा ग्रामसभेने निवडलेली, एवढे पथ्य पाळले तर वाद कमी होईल.

पण प्रश्न पाहुण्यांचा नाहीच. तो गावच्या मुलांचा आहे. २००६च्या वनहक्क कायद्यात एक अल्पपरिचित तरतूद आहे, कलम ३(२). ग्रामसभेने शिफारस केल्यास एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी ७५ हून अधिक झाडे तोडावी लागणार नसतील तर, गावाच्या सोयींसाठी वळवता येते. त्या सोयी कायद्यात मोजून दिल्या आहेत: शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रास्त भावाचे दुकान, वीज व दूरसंचाराच्या तारा, तळी, पिण्याचे पाणी, पाणी साठवण, लहान कालवे, अपारंपरिक ऊर्जा, कौशल्य प्रशिक्षण केंद्र, रस्ते, समाजमंदिर. एकूण १३.

२०२३ साली वनसंवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली. संरक्षित क्षेत्राबाहेरील वनात सरकारी मालकीची प्राणिसंग्रहालये व सफारी, तसेच कार्य आराखड्यात समाविष्ट असलेल्या पर्यावरण-पर्यटनाच्या सुविधा, यांना 'वनेतर वापर' या व्याख्येतून वगळण्यात आले. १३ सोयींची जुनी यादी आहे तशीच राहिली. तिच्यातील पहिली नोंद शाळेची आहे. क्रीडांगण हा शब्द यादीत कुठेही नाही.